वहीतले पाणी, विहिरीतले पाणी

(संस्थेच्या पावसाळापूर्व कार्यकर्ता मेळाव्यात आरोग्य विभागातील ज्येष्ठ परिचारिकेने केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सत्तावीस वर्षे जव्हार-मोखाड्याच्या बाजूला पाड्यांवर फिरत इंजेक्शने दिली, बाळंतपणे केली, वजने घेतली. मला सांगितले, “सिस्टर, पावसाळा आठ-दहा दिवसांवर आला आहे, तुम्ही पाणी, शौचालय आणि हात धुणे यावर अर्धा तास बोला.” या विषयाचे तक्ते आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आशाताईंना तर ते पाठ आहेत. म्हणून तक्ता मी आणलेला नाही. ही एक जुनी नोंदवही आणली आहे. कोपरे उंदरांनी कुरतडलेले आहेत, पण आतले अक्षर वाचता येते. अक्षर माझेच आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. पाड्याचे नाव सांगत नाही, कारण त्या पाड्यावरचे दोघे जण समोर बसले आहेत आणि त्यांना अवघडल्यासारखे होईल. चाळीसेक घरे, बहुतेक वारली, काही कोकणा. एकच विहीर, तीही पाड्याच्या खाली ओहोळाच्या काठाला. आपल्या भागाची चेष्टा अशी की पाऊस पडतो अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि मार्च लागला की बाया हंडे घेऊन रात्री झिऱ्याशी नंबर लावतात. खडक काळा, उतार तीव्र, माती पातळ. पाणी येते तसे वाहून जाते. त्या वर्षी मे महिन्यात विहिरीच्या तळाला हातभर पाणी होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला जोराचा पाऊस झाला. दोन दिवसांत विहीर चार हात चढली. सगळे आनंदात. मीसुद्धा.

आज मला कोणी विचारले, वर्षातला सर्वांत धोक्याचा दिवस कोणता, तर मी हाच सांगेन: पहिल्या जोराच्या पावसानंतरचा तिसरा-चौथा दिवस. आठ महिने उतारावर, शेताच्या बांधाला, ओहोळाच्या कडेला जे काही साचलेले असते, माणसांचे आणि जनावरांचे, ते सगळे त्या एका पावसात धुऊन खाली येते. आणि खाली काय असते? विहीर. विहिरीला कठडा नसेल, भोवती ओटा नसेल, बांधकाम फुटलेले असेल, तर ते सरळ आत जाते. त्याच वेळी वीटभट्टीवर ‘जगायला’ गेलेली कुटुंबे पेरणीसाठी परत आलेली असतात. थकलेली, काहींची मुले आधीच आजारी. पाड्याची माणसे दुप्पट, पाणी एकच.

रात्री साडेदहाला एक मुलगा धावत आला. दोन घरांत मिळून चौदा जणांना जुलाब-उलट्या. सकाळपर्यंत आकडा एकतीस झाला. प्राथमिक आरोग्य केंद्र अकरा किलोमीटरवर, आणि डांबरी रस्ता पाड्याच्या दोन किलोमीटर आधी संपायचा. झोळी करून माणसे आणावी लागली. त्यात एक अडीच वर्षांची मुलगी होती. ती झोळीतच गेली. मी शेजारून चालत होते. तिच्या आजीला मी विचारले, “आजी, पोरीला पाणी पाजलंत का?” ती म्हणाली, “नाय बाई. पाणी दिलं की अजून होतं ना. म्हणून कालपासून घोटभरही नाय दिलं.”

तिने तिच्या समजुतीप्रमाणे नातीला जपलेच होते. तिला मी कधीच दोष दिला नाही. पुढचे ऐकल्यावर तुम्हीही द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून डॉक्टर आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “विहिरीत टीसीएल टाकता का?” मी ही वही पुढे केली. दर बुधवारी नोंद. ‘टीसीएल टाकले. टीसीएल टाकले.’ एकही बुधवार चुकलेला नाही. खरे सांगते, त्या वेळी मला वहीचा अभिमान वाटत होता. डॉक्टरांनी वही उघडी ठेवली, पिशवीतून छोटी काचेची नळी काढली, विहिरीचे पाणी घेतले, ओटीचे थेंब टाकले. पाणी पिवळे व्हायला हवे होते. झाले नाही. पांढरेच राहिले. त्यांनी दुसऱ्यांदा केले. पुन्हा तेच. मग म्हणाले, “पोते दाखवा.”

पोते शाळेच्या पडवीत होते. दिवाळीनंतर उघडलेले, तोंड सुतळीने कसेबसे बांधलेले, वर कौल गळत होते. आतल्या पावडरीचे खडे झाले होते. नाकाशी धरले तर वास नाही. म्हणजे गेले कित्येक महिने आम्ही दर बुधवारी विहिरीत चुना टाकत होतो आणि वहीत औषध लिहीत होतो.

टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. आपण त्याला ब्लीचिंग पावडर म्हणतो. ताज्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. हवा लागली, ओल लागली, ऊन लागले की तो उडून जातो. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर कामाची धरत नाहीत. हे मला परिचारिकेच्या अभ्यासात शिकवले होते. मी परीक्षेत लिहिलेही होते. पण पोते कुठे ठेवले आहे हे बघायला मी गेले नव्हते.

आता पुढची चूक ऐका, कारण ती जास्त लोक करतात. घाबरून आम्ही त्याच संध्याकाळी नवे पोते आणले आणि स्वयंसेवकांनी भराभर मुठीने पावडर टाकली. किती? कोणाला माहीत नाही. ‘जास्त असलेली बरी’ असा हिशेब. दुसऱ्या दिवशी पाण्याला एवढा वास येत होता की एक बाई हंडा उलटा करून माझ्यासमोर म्हणाली, “बाई, ह्या पाण्यात भात शिजवला तर पोर तोंड लावत नाय. आमी झिऱ्यावरनं आणतो.” आणि पाड्यावरच्या निम्म्या बाया झिऱ्यावर गेल्या. झिरा उघडा, त्यातही तोच पाऊस उतरलेला. तीन नवे रुग्ण झिऱ्याचे पाणी पिणाऱ्या घरांतले निघाले.

म्हणजे पहिल्यांदा कमी टाकून आजार झाला आणि दुसऱ्यांदा जास्त टाकून. दोन्ही वेळा आम्ही नळीत पाणी घेऊन पाहिले नाही, एवढीच चूक.

त्यानंतर मी जे शिकले ते आज जलसुरक्षक भावांसमोर सावकाश सांगणार आहे. देणगीदार मित्रांना थोडे कंटाळवाणे वाटेल, पण तुमचे पैसे यातच जातात, तेव्हा ऐकावे.

विहिरीत किती पाणी आहे ते आधी मोजायचे. दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मीटरमध्ये घ्यायची. विहिरीचा व्यास आडवी काठी धरून घ्यायचा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, त्याला ०.७८५ ने गुणायचे, आलेला आकडा म्हणजे घनमीटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. आपल्याकडची साधारण विहीर घ्या: व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर. तीन त्रिक नऊ, नऊ चोक छत्तीस, ०.७८५ ने गुणले की सव्वाअठ्ठावीस. म्हणजे अठ्ठावीस हजार लिटर. हजार लिटरला चांगली पावडर अडीच ग्रॅम. झाली सत्तर ग्रॅम. सत्तर ग्रॅम म्हणजे मूठ नव्हे, आणि मुठी सगळ्यांच्या सारख्या नसतात. किराणा दुकानातला छोटा काटा वापरा. हिशेब जमत नसेल तर शाळेतल्या गुरुजींकडून आपल्या विहिरीचा तक्ता करून घ्या: पाणी एक मीटर असेल तर इतके, दोन असेल तर इतके. तो विहिरीजवळच्या घराच्या भिंतीवर रंगवून ठेवा. आमच्याकडे एका सहावीतल्या मुलीने असा तक्ता केला आणि तिच्या बापाचा हिशेब दोनदा दुरुस्त केला.

पावडर तशीच विहिरीत फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करायची, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायची. एका बादलीला शंभर ग्रॅमच्या वर नको. पाच-दहा मिनिटे थांबायचे. चुना खाली बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचे आणि खालचा चुना लांब खड्ड्यात टाकायचा, विहिरीत नाही. मग निवळाची बादली दोरीने पाण्यात सोडून खालीवर, खालीवर हलवायची, म्हणजे क्लोरीन तळापर्यंत मिसळतो. नंतर एक तास विहिरीवर कोणी हंडा टाकायचा नाही. हा एक तास पाळणे सर्वांत अवघड आहे, कारण बाया हंडे घेऊन उभ्या असतात आणि घरी चूल पेटलेली असते. म्हणून वेळ रात्रीची ठेवा, शेवटचा हंडा भरून गेल्यावर. सकाळी पहिल्या हंड्याआधी नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाका. पिवळे झाले तर पाणी चालते. पिवळेपणा नसेल तर पुन्हा टाका. पिवळ्याच्या पुढे जाऊन गडद नारिंगी झाले तर जास्त पडले, थांबा. नळीतले पाणी कोणी प्यायचे नाही, मुलांच्या हाती द्यायची नाही, आणि ओटीची बाटली उन्हात ठेवायची नाही.

पाणी गढूळ असेल तर अडीच ग्रॅम पुरत नाही. गाळ आणि पालापाचोळा क्लोरीन खाऊन टाकतात. अशा वेळी आकड्यावर विश्वास न ठेवता नळीवर ठेवा. घरी आणलेल्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते निवळवावे, फडक्याने गाळावे आणि मग मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास झाकून ठेवावे. आपल्याकडे जुन्या बाया निवळीचे बी घासूनही पाणी निवळवतात. चांगली रीत आहे, पण तिच्यावर थांबू नका. निवळ दिसणारे पाणी निर्मळ असतेच असे नाही. हे पटवायला मी एच-टू-एसची बाटली वापरते. झिऱ्याचे काचेसारखे पाणी बाटलीत भरायचे आणि त्याच बाईच्या घरी फळीवर ठेवायचे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते काळे पडते. माझ्या दहा भाषणांपेक्षा त्या एका काळ्या बाटलीने जास्त काम केले आहे.

आता पुराकडे येते.

२२ जुलै २०२१ ला सावित्रीच्या पुराने महाड बुडाले, त्याच संध्याकाळी तळिये गावावर दरड कोसळली, आणि तिकडे वाशिष्ठीच्या पाण्यात चिपळूण होते. आपल्या संस्थेची गाडी निघाली तेव्हा मी तीत होते. गाडीत काय भरले होते सांगू? बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या, आणि सर्वांत जास्त काय, तर जुने कपडे. कपड्यांत दोन शेरवान्या होत्या आणि एक उंच टाचांचा बुटांचा जोड. देणाऱ्यांचे मन चांगले होते, याबद्दल शंका नाही. पण नदीकाठच्या कातकरी वाडीवर ज्या बाईच्या घरात गुडघाभर चिखल आहे, तिला झाकणाची बादली हवी असते, फावडे हवे असते, साबण हवा असतो, पाळीसाठी सुती कापड किंवा पॅड हवे असतात. बाटल्यांचे म्हणाल तर रस्त्याकडेच्या गावांत त्या ढिगाने पडल्या होत्या आणि आत दीड किलोमीटरवरच्या वाडीत एकही पोहोचली नव्हती, कारण रस्ता चिखलाने बंद आणि वाडीचे नाव कोणाच्या यादीत नाही. कातकऱ्यांची घरे बहुधा गावच्या शिवेला, दुसऱ्याच्या जागेवर. पूर आला की ती आधी बुडतात आणि पंचनामा करताना शेवटी आठवतात.

एका शाळेत एकशेऐंशी माणसे उतरवली होती. संडास दोन. मदतकार्यासाठी स्फिअर नावाची जागतिक मानके आहेत, ती नंतर मला एका तरुण इंजिनीयरने समजावून सांगितली. माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर पाणी. सुरुवातीच्या धांदलीत पन्नास माणसांना एक संडास, आणि लवकरात लवकर वीस माणसांना एक. बायांसाठी पुरुषांच्या तिप्पट. म्हणजे त्या शाळेत रोज सत्तावीसशे लिटर पाणी आणि नऊ संडास हवे होते. पाणी टँकरने कसेबसे आले. संडासाकडे पहिले तीन दिवस कोणाचे लक्षच नव्हते.

माझे लक्ष गेले ते वेगळ्याच गोष्टीने. मी चहा वाटत होते, आणि एकामागून एक बाया ‘नको’ म्हणत होत्या. पाणी पण नको. पावसात भिजलेल्या, दिवसभर चिखल उपसणाऱ्या बाया, आणि चहा नको? एका पोरसवद्या आईने शेवटी कानात सांगितले, “रातीला तिथं उजेड नाय, दाराला कडी नाय. आमी दुपारपासनं पितच नाय.” तिच्या मांडीवर तीन महिन्यांचे मूल, अंगावर पिणारे.

आम्ही तेव्हा जे केले ते अगदी साधे होते. दोन संडासांपैकी एक बायांचा ठरवला, आतून कडी ठोकली, बाहेर सौरदिवा टांगला. मागच्या बाजूला, विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला, चर खणून बांबू आणि ताडपत्रीने आणखी पाच आडोसे केले. प्रत्येकाशी मातीचा ढीग आणि एक करवंटी. दारात भोक पाडलेली पाण्याची बाटली टांगून खाली साबण जाळीच्या पिशवीत बांधून ठेवला, म्हणजे तो कोणी उचलून नेत नाही. सगळ्याला मिळून एक दिवस गेला. त्या संध्याकाळी बायांनी चहा घेतला. मदतीच्या हिशेबात ‘कडी’ ही नोंद कुठे करायची हे आमच्या हिशेबनीसांना कळेना. त्यांनी ती किरकोळ खर्चात टाकली.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या विहिरीविषयी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तिच्यात फक्त पावडर टाकून भागत नाही. आधी पंपाने उपसायची, गाळ काढायचा, आतले बांधकाम घासायचे, मग नेहमीपेक्षा बरीच जास्त पावडर टाकून रात्रभर ठेवायची, ते पाणी उपसून फेकायचे, आणि नव्याने झिरपलेल्या पाण्याला नेहमीचे प्रमाण. त्याला दोन-तीन दिवस लागतात. तोवर टँकरच्या पाण्याचीही ओटी करायची. टँकर आला म्हणजे पाणी शुद्ध आले असे नाही. आणि चिखल उपसणाऱ्यांच्या पायाला जखम असेल तर गमबूट, निदान पायाला प्लास्टिकची पिशवी तरी बांधा. उंदरांच्या मुताने लेप्टो होतो. पुरानंतर आठ-पंधरा दिवसांनी थंडीताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही दिसले की अंगावर काढायचे नाही, डॉक्टरांकडे न्यायचे.

त्या अडीच वर्षांच्या मुलीकडे मला परत जायचे आहे. तिला विहिरीच्या पाण्याने आजार झाला, पण ती गेली ती अंगातले पाणी संपल्यामुळे. आणि त्यावरचा उपाय तिच्या जन्माच्या कितीतरी आधी सापडला होता. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगाव येथे कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनोबिस तेथे होते. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, सुई लावणारे हात नाहीत, जमिनीवर घाणीत रुग्ण पडलेले. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा यांचे मिश्रण कलकत्त्याहून पिशव्यांत बांधून मागवले, नळ बसवलेल्या पिंपांत पाण्यात मिसळले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितले, पाजत राहा. मरणाचे प्रमाण तिसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. मला त्या हकिगतीत औषधापेक्षा एक गोष्ट फार मोठी वाटते. त्यांनी पेला नातेवाइकांच्या हातात दिला. परिचारिकेची वाट पाहायला सांगितले नाही. महालनोबिस २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

तो पेला आपण पाड्यावरच्या आजीच्या हाती द्यायचा आहे. ‘ओआरएस द्या’ एवढे सांगून होत नाही. पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण रिकामी करायची असते, पण पाड्यावर लिटरचे माप कुठे आहे? लोक पेल्यात चिमूटभर टाकतात आणि उरलेली पुडी घडी करून वळचणीत खोचतात. म्हणून पुडीबरोबर एक लिटरची स्वच्छ रिकामी बाटली द्या. केलेले पाणी चोवीस तासांनंतर फेकून द्यायचे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. तेही नसेल तर मीठ घातलेली तांदळाची पेज, ती तर प्रत्येक घरात होते. बाळाने उलटी केली तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पुन्हा सुरू. अंगावरचे दूध बंद करायचे नाही. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबला तरी चौदा दिवसच. डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले, पिईना झाले, शौचात रक्त दिसले, की पाजत पाजतच दवाखान्याची वाट धरा.

शौचालयांविषयी थोडक्यात बोलते, कारण त्यावर बोलले की भांडण होते. आपल्या संस्थेनेही बांधली. काही चांगली वापरात आहेत. काहींत सरपण आहे, एकात शेळ्या आहेत आणि त्या खुशीत आहेत. लोकांना सवय नाही, असे म्हणून आपण मोकळे होतो. मी एका बाईला विचारले तर तिने मलाच हिशेब घातला. एका वेळेला दीड-दोन लिटर पाणी. घरात सहा माणसे. हंडा डोक्यावरून आणणार कोण? उन्हाळ्यात ती पिण्यासाठी दोन हंडे आणते आणि त्यासाठी रात्री झोपत नाही. तिसरा हंडा संडासासाठी? तिचे बरोबर होते. जिथे पाणी पोहोचले नाही तिथे आधी शौचालय बांधणे म्हणजे बाईच्या डोक्यावर एक हंडा वाढवणे. तेव्हापासून मी सभेत आधी पाणी मागते. दुसरे, खड्डा विहिरीपासून पंधरा मीटरच्या आत नको आणि वरच्या अंगाला तर मुळीच नको. आपला खडक भेगांचा आहे, तेव्हा पंधराच्या ठिकाणी तीस मीटर मिळाले तर घ्या. आणि दोन खड्ड्यांचेच बांधा. एक भरला की दुसरा सुरू, पहिल्याचे दीड-दोन वर्षांत खत होते. तीन खोल टाक्या बांधून आपण पाड्यावर मैला उपसणारी गाडी कुठून आणणार आहोत?

त्या पाड्यावर आता काय आहे, हे मला मघाशी चहाच्या वेळी कोणीतरी विचारले. विहिरीला कठडा आहे, भोवती ओटा आहे, सांडपाण्याला चर आहे. ओहोळाकडची बाजू दगडात बांधून घेतली. उन्हाळ्यात पाणी अजूनही आटते. ते सुटलेले नाही, आणि टँकर वेळेवर येतोच असेही नाही. पण त्या जूननंतर तेथे पहिल्या पावसात साथ आलेली नाही. जलसुरक्षक म्हणून ज्याने हे काम धरले तो त्या मुलीचा चुलता. तो वहीत ‘टीसीएल टाकले’ असे लिहीत नाही. तो फक्त एक शब्द लिहितो, ‘पिवळे’ किंवा ‘पांढरे’. पांढरे लिहिले असेल त्याच्याखाली त्याच दिवशी दुसरी नोंद असते. त्याच्या वहीत पांढरे बरेच आहेत. त्यामुळेच माझा त्याच्यावर विश्वास आहे. ज्या वहीत वर्षभर सगळेच पिवळे असते, त्या पाड्यावर मी न कळवता जाते.

तर माझी विनंती अशी. देणगीदार मित्रांनी पुराच्या वेळी जुने कपडे पाठवू नयेत. झाकणाच्या बादल्या, साबण, सुती कापड, सौरदिवे आणि कड्या आपल्या गोदामात आत्ताच, पूर यायच्या आधी, ठेवायला मदत करावी. आशाताईंनी जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक घरात, आधी जिथे लहान मूल आहे तिथे, ओआरएस बाटलीत कालवून दाखवावे आणि मग आजीकडून करवून घ्यावे. आपण केलेले पाहून कोणी शिकत नाही.

जलसुरक्षक भावांनी जेवण झाले की लगेच निघू नये. मागच्या पडवीत नवी पावडर पंचवीस किलोच्या पोत्यांत नाही, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत एक-एक किलो भरून ठेवली आहे. प्रत्येक डब्यावर उघडल्याची तारीख लिहायला जागा सोडली आहे. काटे अठरा आहेत, ओटीच्या बाटल्या बावीस. ज्यांना काटा मिळणार नाही त्यांनी नाव लिहून द्यावे, पुढच्या बुधवारच्या गाडीने पाठवते. आणि येताना आपापल्या विहिरीचे पाणी बाटलीत आणायला सांगितले होते, ते ज्यांनी आणले असेल त्यांनी टेबलाजवळ यावे. आपण इथेच नळीत घालून बघू.